आठवा बुश बरोबर

बारामती एमआयडीसीत हात बघून भविष्य सांगणारा एकच माणूस आहे आणि त्याचा ज्योतिषावर काडीचाही विश्वास नाही. इंजिनिअरिंगचं पोरगं समोर येऊन उभं राहिलं की उस्मानभाई मुलाणी आधी त्याचा उजवा हात मागतात. नाव नंतर, गाव नंतर, आणि कुणाच्या ओळखीनं आला ते तर विचारतच नाहीत. हात उलटा करतात, सुलटा करतात, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघतात आणि चष्मा कपाळावर ढकलून निकाल देतात, “घट्टा न्हाय. नोकरी लागायची न्हाय.”

पोरगं घाबरतं. सोबत बाप असला तर बाप जास्त घाबरतो. एका बापानं तर, काही शांत वगैरे करावी लागेल का, कुठल्या बोटात कुठला खडा घालायचा, असंही विचारलं होतं.

“खडा नगं, झाडू घाल त्याच्या हातात,” भाई म्हणाले. “आठ दिस झाडू, मंग कानस, मंग लेथ. साडेसाती आपोआप जाती.”

आता माझी ओळख. मी इंदापूर रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. मूळचा इंदापूरचा, राहायला बारामतीत. कॉलेजातलं सगळ्यात नावडतं काम सगळ्यात गरीब मास्तराच्या गळ्यात पडतं, त्यामुळे इंटर्नशिपचं खातं माझ्याकडे आलं. नियम असा की पदवी हातात पडायच्या आधी पोरांनी कुठल्या तरी कारखान्यात काही आठवडे काम केलेलं असावं आणि तसा दाखला जोडावा. नियम फार चांगला आहे. आमच्याकडे तो पाळलाही जातो, फक्त त्यातलं काम तेवढं वगळून.

म्हणजे काय होतं, कुणाचा मामा डेअरीत असतो, कुणाच्या चुलत्याची फॅब्रिकेशनची शेड असते. पोरगं सुट्टीभर गावात क्रिकेट खेळतं आणि जूनमध्ये मामा लेटरहेडवर लिहून देतो, ‘सदर विद्यार्थ्याने अत्यंत मनापासून काम केले.’ याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. भाचा दारात आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं, असं म्हणतात. लग्नात आहेर करावा तसे दाखले दिले जातात आणि घेतलेही जातात. मी ते फाइलला लावत असे आणि मला झोपही चांगली लागत असे.

असाच एकदा बारा पोरांची यादी घेऊन मी भाईंच्या शेडमध्ये गेलो. एका बाजूला लोखंड कातायची दोन लेथ, कोपऱ्यात ड्रिलिंग मशीन, भिंतीला पंपांचे मोडके शाफ्ट टेकवून ठेवलेले. साखर कारखाने, डेअऱ्या, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांचं मोडलेलं लोखंड तिथे येतं. साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस लेथवर वाकलेला होता. मी कॉलेजचं नाव सांगितलं, दाखल्यांचं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि माझा हात मागितला.

मी हसलो. ते हसले नाहीत. हात बघून झाल्यावर त्यांनी टेबलावरचं व्हर्निअर माझ्याकडे सरकवलं आणि एक शाफ्ट पुढे केला. “सर, येवढा डायमीटर मोजून द्या.”

मी हा विषय शिकवतो. व्हर्निअरवर माझं एक अख्खं लेक्चर आहे, आकृत्यांसकट. मी मोजलं आणि जरा आवाज चढवूनच म्हणालो, “पंचवीस पॉइंट दोन.”

भाईंनी शाफ्टवरनं अंगठा फिरवला. “पंचविसाच्या आत हाय.” मग खिशातलं दुसरं व्हर्निअर काढून लावलं. पंचविसाच्या आतच होता. टेबलावरच्या व्हर्निअरचे जबडे वाकलेले होते, पूर्ण मिटले तरी त्यात शून्य येत नव्हतं, आणि ते भाईंनी खास आमच्यासारख्यांसाठीच ठेवलेलं होतं. झिरो एररवर दर वर्षी चार मार्कांचा प्रश्न काढणारा मी, जबडे मिटून बघायला विसरलो होतो.

“मोजून बोलावं, सर,” भाई म्हणाले. “आन मोजायच्या आधी मोजणारं बी तपासावं. बारा दाखले पायजेत ना? बारा पोरं आणा. तेरावे तुमी या.”

मी गेलो. का गेलो ते आजही मला नीट सांगता येणार नाही. बायकोला सांगितलं की इंडस्ट्री इंटरॅक्शनला चाललोय आणि अकरा दिवस सकाळी मोटारसायकलींच्या लोंढ्यात कामगारांबरोबर एमआयडीसीत शिरत राहिलो. पहिले चार दिवस झाडू मारला. नंतर बुश करायला मिळाला. बुश म्हणजे शाफ्टभोवती घट्ट बसणारी पितळेची जाड बांगडी. दिसायला सोपी. आतलं भोक कागदाच्या जाडीएवढं मोठं झालं की ती भंगारात जाते. माझा दाखला मी अजून जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय, ‘सरांनी चार बुश बिघडवले. पाचवाही बिघडवला. सरांना शिकण्याची आवड आहे.’

कारण भाईंचा दाखला असाच असतो. त्यात मनापासून वगैरे काही नसतं. काय बिघडवलं ते आधी, जमलं ते शेवटी. लोणी भापकरच्या एका पोराला त्यांनी लिहून दिलं होतं, ‘एकवीस दिवस हजर. झाडू नीट मारतो. सात बुश बिघडवले. आठवा बरोबर.’ खाली सही, शिक्का. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “सर, हे कंपनीत कसं दाखवू?” आमच्या प्राचार्यांनी तर तो कागद दोन बोटांत धरून मला विचारलं, ही चेष्टा कुणी केली.

पुढं पुण्यात मुलाखत झाली. समोरच्या साहेबानं दाखला वाचला, हसला, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, सातवा कसा बिघडला ते सांग. पोरगं सुरू झालं. पहिला टूल बोथट होता म्हणून, दुसरा घाई केली म्हणून, तिसरा गरम असतानाच मोजला म्हणून. अर्धा तास दोघं बुशावर बोलत होते. बाकीच्या पोरांना साहेबानं ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं होतं आणि पाच मिनिटांत सोडलं होतं. लोणी भापकरचा पोरगा नोकरी घेऊन आला. दुसऱ्या वर्षी भाईंच्या शेडपुढं रांग लागली. हात दाखवायला.

मग प्राचार्यांनीच त्यांना करिअर मार्गदर्शनाला बोलावलं. स्टेजवर बॅनर, समोर पहिल्या वर्षाची दोनशे पोरं. भाई इस्त्रीचा शर्ट घालून आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. माईक त्यांनी हातात घेतला, त्याचा दांडा अंगठ्यानं चाचपला आणि मगच तोंडाजवळ नेला.

“तुमी समदे म्हणताय, चाचा, कंपनीवाले अनुभव मागत्यात, आन अनुभवाला कंपनी पायजे. मंग अनुभव आणायचा कुठनं? आरं, तुमच्या गावात पिठाची गिरणी हाय का न्हाय? दूध संकलन हाय? ट्रॅक्टरचं गॅरेज हाय? तितं जा. चौथ्या वर्साची वाट बगू नका, ह्याच सुट्टीत जा. मी इंजिनेर हाय म्हणून सांगू नका, हाकलून देतील. झाडू मारा. आठ दिसानं मालक पाना हातात देतो. पंधरा दिसानं त्योच इचारतो, आरं ही मोटर का तापती? तुमाला सांगता आलं, का तितनं तुमचं इंजिनेरिंग सुरू.”

मागून एकानं विचारलं, “चाचा, ऑनलाइन इंटर्नशिप चालते का?”

“चालती की. मंग पंप बी ऑनलाइनच दुरुस्त कर.”

दोनशे पोरं हसली. भाईंनी डबा उघडून त्यातले बिघडलेले बुश पहिल्या रांगेत वाटले, एकेक हातात घेऊन बघा म्हणाले, आणि जाताना सगळे मोजून परत घेतले. प्राचार्यांनी शाल आणि नारळ दिला. भाईंनी नारळ कानाशी हलवला, म्हणाले पाणी कमी आहे.

‘मोजून बोल’ हे त्यांचं सगळ्यांनाच असतं. शेजारच्या शेडमधले पोपटराव वेल्डर “लय ऊन हाय” म्हणाले की भाई विचारणार, “किती डिग्री?” कुणी “लगेच येतो” म्हणालं की, “लगेच म्हंजे किती मिनिटं?” माणसं कंटाळतात. पण पंप बंद पडून दूध नासायची वेळ आली की हीच माणसं भाईंना फोन लावतात, आणि भाई “चाळीस मिनिटांत” म्हणाले तर चाळिसाव्या मिनिटाला दारात असतात.

हा असा नेमका माणूस वर्षातनं दोन दिवस मात्र पार बिनहिशेबी वागतो, हे मला पोपटरावांकडून कळलं.

“सर, तुमी ईदला या हिकडं. आमचा भाई मशिनीला आंघोळ घालतो.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण रमजान ईदच्या आदल्या दिवशी गेलो तर खरंच भाई डिझेलच्या फडक्यानं लेथ पुसत होते. फरशी धुतलेली. भिंतीचे मोडके शाफ्ट हलवलेले. लोखंडाचा कीस भरून ठेवायचं पिंपसुद्धा रिकामं करून घासलेलं. आणि एक नवा ट्यूबलाइट.

“पाहुणे?” मी विचारलं.

“सना येती उद्या. बेंगळुरूवरनं.” सना ही त्यांची एकुलती एक लेक. मेकॅनिकलचीच इंजिनिअर, पण तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. “म्हणलं, आली चुकून शेडात, तर तिला पाय ठिवायला जागा असावी.”

दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्म्याला त्यांच्या घरी गेलो. सना हसतमुख, शांत मुलगी. वाटी तिनंच आणून दिली. माझ्या कॉलेजची चौकशी केली आणि अब्बांना पंखा लावून काम करायला सांगा, म्हणाली, घामानं चष्मा घसरतो त्यांचा. बापलेकीत भांडण आहे असं मला कुठं दिसलं नाही. भाई तिच्या ताटात वाढत होते, ती त्यांच्या. मग भाई उठले आणि “जरा कुलूप बघून येतो” म्हणून बाहेर पडले.

संध्याकाळी मी एमआयडीसीतनं येत होतो. सगळ्या शेडांची शटरं खाली. भाईंचं एकट्याचं वर. आत नवा ट्यूबलाइट लागलेला, मशिनी चकचकीत, आणि नवा कुडता, टोपी घातलेले भाई स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मी गाडी थांबवली.

“कुणी यायचंय का?”

“आलं तर आलं,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. मला तिथे जास्त वेळ उभं राहवेना.

बकरी ईदलाही तेच. पोपटराव म्हणाले, दर वर्षी दोनदा असंच असतं. ती घरी येते, चार दिवस राहते, बापाशी हसते-बोलते, पण या रस्त्यानं येत नाही. भाई कधी बोलत नाहीत, आणि विचारायची कुणाची छाती नाही. मी चाचींना, म्हणजे भाईंच्या बायकोला, एकदा विचारून बघितलं. “त्यांनलाच इचारा,” म्हणाल्या, आणि आत गेल्या. एवढं मात्र स्पष्ट होतं की या माणसाला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी आहे, लेकीनं एकदा त्या शेडमध्ये यावं. आणि ती काही त्याच्या हातात येत नव्हती.

ते का, हे मला कळलं ते पल्लवीमुळं.

पल्लवी माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोऱ्हाळे बुद्रुकची. वर्कशॉपच्या तासाला सगळ्यात पुढे उभी राहणारी. भाईंनी कॉलेजात बुश वाटले होते तेव्हा हिनं एक हातात धरून त्यातलं भोक एका बाजूला कललंय असं सांगितलं होतं, आणि भाईंनी डबा मिटताना तिचं नाव मला विचारून घेतलं होतं. या उन्हाळ्यात तिला भाईंकडे यायचं होतं. पण एक दिवस ती स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “सर, तात्या नको म्हणतात. ते म्हणाले, सरांना म्हणावं कागद तेवढा द्या.”

मी भाईंना सहज सांगितलं. असं दर वर्षी दोन-तीन मुलींचं होतं, मी फार मनावर घेत नाही. भाईंनी चालू लेथ बंद केलं. “चला,” म्हणाले.

“कुठं?”

“कोऱ्हाळ्याला.”

त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी कोऱ्हाळ्याला गेलो. दत्तूतात्या, म्हणजे पल्लवीचे वडील, गोठ्यापुढं बाज टाकून बसले होते. कारखान्याचे सभासद, दहा-बारा एकर ऊस, बोलायला मोकळे. चहा आला. भाईंनी सवयीप्रमाणे तात्यांचा हात हातात घेतला, दाबून बघितला आणि समाधानानं मान हलवली.

“तात्या, ह्यो कामाचा हात हाय. तुमाला कुणी दाखला मागतं का, का बाबा ऊस लावता येतो का न्हाय?”

“न्हाय मागत.”

“मंग पोरीला कागदाच्या भरवशावर का सोडताय?”

तात्या सरळ माणूस होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “भाई, तुमचं नाव आमी ऐकून हाय. पर पोरीला इंजिनेर करतोय ती खुर्चीत बसाय. लेथवर हुबी करायला न्हाय. तितं ट्रकवालं येणार, भंगारवालं येणार, समदे बापय. उद्या सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील?” मग ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, “तुमची लेक बी इंजिनेर हाय म्हणं. तुमचं सोताचं वर्कशॉप. तिला तुमी केली व्हती का मशिनीवर हुबी?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं हा माणूस आता काहीतरी चटकदार बोलून वेळ मारून नेईल. त्यांना ते सहज जमलं असतं.

“न्हाय,” भाई म्हणाले. “त्याचसाठी आलोय.”

मग ते खाली बघून बोलत राहिले. “लहानपणी शेडातच असायची. लेथखालचा कीस गोळा करायची. तापून निळा पडल्याला येगळा, पांढरा येगळा, दोन डबं. मेकॅनिकलला गेली ती त्याच नादानं. तिसऱ्या वर्साला म्हणाली, अब्बा, ट्रेनिंग आपल्याच शेडात करते. आन मला लाज वाटली. आता तुमी जे बोलला ना, ट्रकवालं, भंगारवालं, सोयरीक, त्यातला शबुद न् शबुद माझ्या मनात व्हता. मी तिला घरी बसवली. पंचेचाळीस दिसांचा दाखला सोताच्या हातानं लिवला. उत्तम काम केले, लिवलं. शिक्का मारला. वाटलं, बापानं लेकीला येवढं बी करू ने का?”

“मंग?” तात्या म्हणाले.

“मंग मुलाखतीला गेली. मशिनी बनवणारी चांगली कंपनी, तिला तीच पायजे व्हती. साहेबानं इचारलं, वडलांच्याच वर्कशॉपात पंचेचाळीस दिस, काय काय केलं? ती म्हणाली, सर, मी एक बी दिवस गेले नाही.” भाईंनी चष्मा वर ढकलला. “खोटं बोलायला मी तिला शिकवलं न्हवतं ना. कागदावर तेवढं शिकवलं. घरी येऊन म्हणाली, न्हाय झालं. का न्हाय झालं, ते मला तिच्या मैत्रिणीकडनं कळलं. तिनं आजपातूर मला एका शबदानं बोलून दावलं न्हाय. मशिनीच्या कंपनीला परत अर्जच केला न्हाय. कॉम्प्युटरचा कोर्स केला आन गेली. तवापासनं मी दाखल्यात बिघाड लिवतो. कुणाच्या बी कागदावर परत उत्तम लिवलं न्हाय.”

गोठ्यात म्हैस दावणीला शिंग घासत होती. दाराआड पल्लवी उभी होती हे मला तेव्हा दिसलं. तात्यांनी बाजेचा सैल झालेला सुंभ ओढून घट्ट केला. मग त्यांनी हाक मारली.

“पल्ले, कवापासनं जायचं म्हणत व्हतीस?”

“सोमवारपासनं.”

“मी सोडीन, मीच घिऊन यीन,” तात्या म्हणाले. मग भाईंना, “पयला दिस मी बसून बगणार.”

“बसा की,” भाई म्हणाले. “बसून कोण राहतंय आमच्याकडं, तुमाला बी झाडू दीन.”

तात्या हसले, मी हसलो, पल्लवी तर आत पळाली. भाई हसले नाहीत. निघताना त्यांनी तात्यांचा हात परत दोन्ही हातांत घेतला, या वेळी न बघता.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. मला राहवलं नाही. मास्तर माणूस, दुसऱ्याला उपाय सांगायची खोड. म्हणालो, “भाई, जे तात्यांना सांगितलं तेच सनाला का सांगत नाही? चुकलो म्हणावं. ये म्हणावं. येईल ती.”

“सांगितलंय. पयल्याच ईदला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ द्या अब्बा, त्यात काय.” त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. “आन ये म्हणून दर ईदला सांगतो. जेवणं झाली का इचारतो, येतीस का शेडात, लेथला नवा चक बसवलाय, दावतो. ती म्हणती, बगू अब्बा. हसून म्हणती. रागानं न्हाय.”

“मग तुम्ही?”

“मंग मी कुलूप बगायला जातो.”

एवढा ताठ माणूस, दोनशे पोरांना हसवणारा, आणि वर्षातनं दोनदा लेकीच्या तोंडून ‘बगू’ ऐकून नव्या कुडत्यात एकटा शेडमध्ये जाऊन बसतो. मला त्या मुलीचा राग आला, आणि लगेच माझाच मला आला. मी म्हणालो, “भाई, तिनं एकदा तरी यायला पाहिजे होतं. किती वेळा विचारायचं माणसानं?”

भाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा व्हर्निअर चुकीचं वाचलंय.

“सर, त्या उन्हाळ्यात ती मला रोज इचारायची. सांच्याला मी हातपाय धुवून आलो का ताट वाढायची आन म्हणायची, अब्बा, उद्या येऊ? मी म्हणायचो, बगू. पंचेचाळीस दिस. एक बी दिस खाडा केला न्हाय तिनं. आन मी बी न्हाय.” ते बोटांवर काही मोजत होते. “माझं आत्ताशी नऊ येळा इचारून झालंय. वर्साला दोन ईदी. अजून छत्तीस ऱ्हायल्या, म्हंजी अठरा वर्सं. मी बासष्टचा हाय.”

“म्हणजे ऐंशी,” मी म्हणालो.

“व्हय. ऐंशीपातूर इचारत ऱ्हायलं पायजे. त्याच्या आत ती आली न्हाय म्हणून मी तक्रार कशी करू?”

टपरीवाल्यानं कप उचलून नेले. भाईंनी गाडी स्टँडवरनं काढली, मी मागं बसलो, आणि आम्ही बारामतीकडे निघालो.